काचबिंदू : एका नावाची कुळकथा

वाशीम हे नाव वत्सगुल्मावरून आले. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. तिचे नाव प्राकृतातून झिजत मराठीत उतरले. रूप पालटले, गाव तेच राहिले. 'काचबिंदू' या शब्दाचे नेमके उलटे झाले आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत 'काच' ही तिमिर (अंधुक नजर) आणि लिंगनाश (नजर पूर्ण जाणे) यांच्यामधली पायरी होती. आजच्या काचबिंदूशी अभ्यासक जोडतात तो 'अधिमंथ', डोळा घुसळून काढणाऱ्या वेदनेचा आजार. ग्रीकांचा 'ग्लॉकोमा'ही निळसर-हिरवट रंगाच्या शब्दातून निघाला आणि शतकानुशतके भिंगाचाच विकार समजला गेला. 1705 मध्ये फ्रेंच वैद्य ब्रिसो याने मृताचा डोळा कापून मोतीबिंदू म्हणजे खुद्द गढूळ झालेले भिंग असल्याचे पाहिले, तेव्हा ही गाठ सुटू लागली. 1851 मध्ये हेल्महोल्ट्झच्या उपकरणाने जिवंत डोळ्यातली मज्जा, म्हणजे नजरेचा मज्जातंतू, दिसली, आणि 1857 मध्ये ग्रेफेने बुबुळाचा तुकडा काढून डोळ्यातला दाब उतरवला. रोगाचे खरे घर सापडले, पण नाव जुन्याच घरी राहिले.

माझे म्हणणे असे की हे नाव आजही नुकसान करते. 'बिंदू' ऐकला की मनात मोतीबिंदू येतो, आणि मोतीबिंदू तर 'पिकू द्यायचा' अशी जुनी समजूत आहे. काचबिंदू पिकत नाही. बहुतेकांत तो दुखत नाही, आधी कडेची नजर खातो, आणि मज्जातंतू झिजून गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. कोणी म्हणेल, अडचण शब्दाची नसून डॉक्टर आणि यंत्रांची आहे. ती आहेच, वाशीम हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. पण डॉक्टर जवळ असला तरी 'अजून पिकायचा आहे' असे मानणारा माणूस त्याच्या दारात वेळेवर कसा जाईल? तपासणीच त्याच्या दारी नेणे मात्र अशक्य नाही. नागपूरजवळच्या खेड्यांत सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडीने तिशीपुढच्या 4711 जणांचे डोळे तपासले. विदर्भातल्या माणसांपर्यंत जाऊन असा अभ्यास करता येतो, हे त्याने दाखवले.

उपचारांची वंशावळही आपल्यापासून दूर नाही. 1909 मध्ये मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात एलियट यांनी डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक भोक पाडून आतल्या पाण्याला वाट करून दिली. 1968 मधल्या केर्न्सच्या शस्त्रक्रियेमागेही पाण्याला नवी वाट देण्याचाच विचार होता. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या 'लाइट' चाचणीत प्रथम लेझर घेतलेल्या सुमारे तीन चतुर्थांश डोळ्यांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज लागली नाही. रोज थेंब घालणे आणि पुढची बाटली वेळेवर मिळवणे ज्यांना जड जाते, त्या वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा-रिसोडच्या माणसांना हा निकाल विशेष महत्त्वाचा आहे. मात्र लेझरचा परिणाम कायमचा नसतो, तपासणी सुटत नाही. ब-3 जीवनसत्त्वाच्या निकोटिनामाइड या रूपाने मज्जा तग धरते का, याच्या चाचण्या स्वीडन आणि ऑस्ट्रेलियात चालल्या आहेत. त्यांचा निर्णय लागेपर्यंत सिद्ध उपाय एकच, दाब उतरवणे.

इतका रुळलेला शब्द बदलावा, असे मी म्हणत नाही; बदलूही नये. पण शिबिरात, फलकावर, आशाताईंच्या बोलण्यात त्याला एक वाक्य जोडावे : हा पिकत नाही. चाळिशीनंतर चष्म्याच्या नंबरासोबत डोळ्याचा दाब आणि मज्जाही तपासून घ्या. घरात एकाला काचबिंदू निघाला असेल, तर त्याच्या सख्ख्या भावंडांना याच महिन्यात पाठवा.