बेंजोच्या पोटातले चुंबक

वैशाखात जालन्यात वराती निघू लागल्या की नवरदेवाच्या घोड्याआधी बेंजोचा आवाज येऊन पोचतो. इंग्रजी पुस्तकांतल्या चित्रात दिसणारा, कातड्याने मढवलेला गोल बँजो निराळा. आपल्या बेंजोशी त्याचे साम्य नावापुरतेच. आपला बेंजो म्हणजे लाकडाची लांबट पेटी. तिच्यावर पोलादी तारा ताणलेल्या असतात आणि तारांवर टायपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हाताने तार छेडायची.

गेल्या उन्हाळ्यात जुन्या जालन्यातल्या एका बेंजोवादकांकडे आम्ही नववीची सहा मुले घेऊन गेलो. त्यांच्याकडे दोन बेंजो होते. पेट्या एकाच कारागिराच्या, तारा एकाच पुडक्यातल्या. तरी एकाचा आवाज टोकदार, सुईसारखा कानात शिरणारा. दुसऱ्याचा भरीव, गोलसर. मुलांनी कारण विचारले तेव्हा "पिकअप वेगळे आहेत," एवढेच उत्तर मिळाले. मग मामांनी आम्हालाच कोड्यात टाकले. "सर, पहिल्याचा पिकअप काढून त्यात दुसऱ्यासारखा बसवायचा म्हणतो. पण हंगामाची कमाई त्यातच जाईल. तुमच्या सायन्सने सांगता येईल का, बसवू का नको?"

प्रश्न सरळ होता आणि त्यात दुसऱ्याचे पैसे अडकलेले होते. उत्तर शोधताना आम्हाला बरेच मागे जावे लागले.

हे वाद्य मूळचे जपानी. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ते घडवले. तारांच्या वाद्याला टायपरायटरच्या कळांसारख्या कळा जोडायच्या, म्हणजे स्वराची जागा शोधण्याची वर्षानुवर्षांची मेहनत वाचते, ही त्यांची कल्पना. त्याच वर्षी जपानात सम्राट ताइशो यांची कारकीर्द सुरू झाली, म्हणून वाद्याचे नाव ताइशोगोतो पडले. आपल्या देशात ते 'बुलबुल तरंग' झाले आणि महाराष्ट्रात बेंजो. २०१६ साली रवी जाधव यांनी मुंबईतल्या बेंजो पथकावर हिंदी चित्रपट काढला, तो बऱ्याच वाचकांनी पाहिला असेल.

माजघरात बसून वाजवायला हे वाद्य उत्तम. पण पेटी लहान, त्यामुळे आवाज नाजूक. ढोल-ताशापुढे त्याचा टिकाव कसा लागणार? समोर मायक्रोफोन धरावा, तर तो बेंजोबरोबर ढोलही उचलतो आणि कर्ण्याचा आवाज पुन्हा मायक्रोफोनात शिरून शिट्टी वाजू लागते. म्हणजे हवेतला आवाज न ऐकता फक्त तार ऐकणारा कान हवा होता. असा कान अमेरिकेत आधीच तयार झाला होता, आणि तोही नेमक्या याच अडचणीतून.

त्याचे बीज फॅरडे यांच्या १८३१ सालच्या प्रयोगांत आहे. वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे आपण दहावीपर्यंत शिकवतोच. १८७६ साली ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोन केला तो याच तत्त्वावर. पण टेलिफोनमध्ये बोलण्याने लोखंडी पडदा हलतो, तो पडदा चुंबकाजवळचे क्षेत्र हलवतो. पडद्याच्या जागी सरळ पोलादी तारच ठेवली तर? आज हे सहज सुचल्यासारखे वाटते, पण सुचायला आणखी पन्नासांहून अधिक वर्षे गेली.

ते प्रथम हवाई बेटांच्या गिटारीसाठी सुचले, हा योगायोग नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या जोसेफ केकुकू यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी घसरवण्याची पद्धत रूढ केली. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत या गिटारीचे वेड पसरले. तिच्या तारा पोलादाच्या होत्या. युरोपी गिटारीला तेव्हा आतड्याच्या तारा लावत. आतड्याला चुंबक ओळखत नाही! शिवाय हवाई गिटार सूर धरणारी, बेंजोसारखीच मोठ्या वाद्यवृंदात बुडून जाणारी.

लॉस एंजलिसमधले जॉर्ज बोशँ हे स्वतः हवाई गिटार वाजवत. त्यांनी आधी एका फळीवर एकच तार ताणली आणि तिला ग्रामोफोनचा पिकअप लावून पाहिला. आपल्या एकतारीचीच ही अमेरिकन बहीण म्हणायची. पुढे १९३१ साली नालाच्या आकाराचे दोन चुंबक आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या तारांखाली वेटोळे, अशी रचना जमली. पहिले वेटोळे धुलाईयंत्राच्या मोटारीवर गुंडाळले, असे सांगतात. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोटार वाइंडिंगवाल्यांना यात नवल वाटणार नाही. अॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या मदतीने ही अॅल्युमिनियमची गिटार १९३२ पासून विक्रीला आली. तिचा आकार पाहून लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणजे तळणीच म्हणत. पेटंट मात्र १९३७ साली मिळाले, तोवर इतर कंपन्या बाजारात उतरल्या होत्या.

हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. भंगारबाजारातून जुन्या टेलिफोनचा, चुंबक आणि वेटोळे असलेला रिसीव्हर आणा. त्याचा लोखंडी पडदा काढा, उघड्या पडलेल्या चुंबकाची टोके सोनोमीटरच्या पोलादी तारेपासून दोन-तीन मिलिमीटरवर धरा आणि वायरी शाळेच्या अॅम्प्लिफायरच्या माइकच्या खाचेत जोडा. तार छेडली की कर्णा वाजतो. आता पोलादी तार काढून पितळेची लावा. तार तशीच थरथरते, कर्ण्यातून मात्र जवळजवळ काहीच येत नाही. आमच्या मुलांना हा क्षण सर्वांत जास्त आवडला. मिरजेच्या तंबोऱ्याला असा पिकअप लावला तर जोडीच्या पोलादी तारा वाजतील आणि पितळेचा खरज गप्प बसेल, हे त्यांनी आपणहून सांगितले. मिरजेचे कारागीर नेमका स्वर शोधतात तो घोडीवर, जवारी काढताना. बेंजोवाल्याला तो शोधावा लागतो तारेखालच्या डबीत.

त्या डबीत स्वर बदलतो कसा? पहिली गोष्ट जागेची. ताणलेली तार एकाच वारंवारतेने हलत नाही. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वरही तिच्यात असतात. ६० सेंटिमीटरच्या तारेखाली पिकअप एका टोकापासून १५ सेंटिमीटरवर ठेवला, तर चौथ्या उपस्वराचा स्थिर बिंदू नेमका त्याच्या डोक्यावर येतो. तिथे तार त्या उपस्वरापुरती हलतच नाही, मग पिकअपला तो ऐकू येणार कोठून? पिकअप टोकाकडे सरकवला की वरचे उपस्वर वाढतात, स्वर टोकदार होतो. मध्याकडे आणला की तो भरतो. लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातले रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण १९५४ च्या आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीवर त्यांनी तीन ठिकाणी तीन पिकअप बसवले आणि निवड वादकावर सोपवली. आपल्या मते हा त्यांचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय.

दुसरी गोष्ट गुणगुणीची. तारेची थरथर ऐकणारे वेटोळे आसपासच्या विजेच्या तारा, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर यांचे बदलते क्षेत्रही तितक्याच निष्ठेने ऐकते. अमेरिकेत ही गुणगुण ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० हर्ट्झची. गिब्सन कंपनीतले सेथ लव्हर यांनी १९५५ साली यावरचा उपाय पेटंटसाठी दाखल केला. एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी शेजारी ठेवायची. दुसऱ्याचा चुंबकध्रुव उलटा आणि जोडणीही उलटी. बाहेरून येणारी गुणगुण दोन्ही वेटोळ्यांत सारखी शिरते, पण जोडणी उलटी असल्याने एकमेकींना पुसून टाकते. तारेचा संदेश मात्र ध्रुव उलटा म्हणून आधी उलटतो, जोडणी उलटी म्हणून पुन्हा सुलटा होतो आणि दोहोंची बेरीज होते. दोनदा उणे म्हणजे अधिक, हे बीजगणितात कंटाळवाणे वाटणारे सूत्र इथे कानाने ऐकता येते.

१९५७ पासून हे पिकअप गिब्सनच्या गिटारींवर बसू लागले. पेटंट १९५९ साली मिळाले. मधल्या काळातल्या पिकअपांखाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी असे, आणि त्या चिठ्ठीचे पिकअप आज संग्राहक अफाट किमतीला घेतात. गंमत अशी की ते सगळे एकसारखे नाहीत. तार गुंडाळताना वेढ्यांची संख्या काटेकोर राखली जात नसे, चुंबकही हाताला येतील ते बसत. लोक ज्याला 'तो खरा स्वर' म्हणून शोधत फिरतात तो निदान काही अंशी कामगारांच्या अशा ढिलाईतून आलेला आहे.

तर मामांच्या टोकदार बेंजोत एक वेटोळे होते आणि गोलसर बेंजोत दोन. आम्ही दोन्ही बेंजो शाळेत आणले, आळीपाळीने वाजवून घेतले, मुलांनी डोळे मिटून मते नोंदवली. सहाही मुलांनी दोन्ही बेंजो बिनचूक ओळखले. निष्कर्ष फळ्यावर लिहिला: एक वेटोळे, टोकदार; दोन वेटोळी, गोलसर. आम्ही मामांना "बसवा" असे सांगायला निघालोच होतो. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "सर, दोन्हीच्या वायरी वेगळ्या का आहेत?"

खरेच वेगळ्या होत्या. टोकदार बेंजोला ३ मीटरची वायर, गोलसर बेंजोला १० मीटरची. मामांची सवय तशी. सोनोमीटरचा प्रयोग शिकवताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आम्ही दरवर्षी घोकून घेतो. इथे आम्ही स्वतः दोन गोष्टी बदलल्या होत्या.

वायरीने काय बिघडते? जाळीदार आवरणाची वायर हे एक लांबच लांब धारित्रच असते. तिची धारिता मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. वेटोळ्याला स्वप्रवर्तन असते: गिटारीच्या एका वेटोळ्याच्या पिकअपचे सुमारे अडीच हेन्री, दोन वेटोळ्यांच्या पिकअपचे सुमारे साडेचार. वेटोळे आणि धारित्र एकत्र आले की अकरावी-बारावीच्या पुस्तकातले संस्पंदन होते. त्या वारंवारतेजवळचे उपस्वर उठून दिसतात आणि तिच्या वरचे झपाट्याने गळतात. सूत्रात आकडे घातले. एक वेटोळे आणि ३ मीटर वायर, उत्तर सुमारे ५८०० हर्ट्झ. दोन वेटोळी आणि १० मीटर, सुमारे २४००. हे आम्ही ऐकले होते. आता वायरींची अदलाबदल करा. एक वेटोळे आणि १० मीटर, ३२००; दोन वेटोळी आणि ३ मीटर, ४३००. क्रमच उलटला!

वायरी बदलून पुन्हा डोळे मिटले. या वेळी सहापैकी तिघांनी दोन्ही बेंजो चुकीचे ओळखले. फरक नाहीसा झाला नाही. दोन वेटोळी तार दोन ठिकाणी ऐकतात, त्यामुळे अगदी वरचे उपस्वर थोडे कमी होणारच. पण ज्यासाठी मामा हंगामाची कमाई मोजणार होते त्यातला बराचसा भाग वायरीत होता. नवी १० मीटरची वायर त्या पिकअपच्या मानाने अगदीच किरकोळ किमतीत येते.

मामांना हे सांगितले. त्यांनी टोकदार बेंजोला लांब वायर लावली, वाजवला, मान हलवली आणि म्हणाले, "आवाज आला, सर. पण गाड्यावर गुणगुण करतो त्याचं काय?" त्याला मात्र वायर उत्तर नव्हती. वरातीच्या गाड्यावर जनरेटर असतो, आणि बेंजो त्याच्यापासून चार हातांवर. मामांनी आपल्यापुरता उपाय काढलेला होता: वाजवताना बेंजो थोडा तिरका धरायचा, एका कोनात गुणगुण बरीच कमी होते. वेटोळ्याचा अक्ष क्षेत्राला काटकोनात आला की त्यातून जाणारे क्षेत्र शून्याजवळ जाते, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

मुलांनी शाळेतल्या एका मोटारीपासून बेंजो दर अर्ध्या मीटरला दूर नेत गुणगुण ऐकली. दोन मीटरांनंतर ती जवळजवळ ऐकू येईना. पुढच्या वरातीला मामांनी जनरेटर गाड्याच्या मागच्या टोकाला बांधला आणि स्वतः पुढे बसले. बेंजो जुनाच होता. गांधी चमनपाशी वरात थांबली तेव्हा आमची सहाही मुले गर्दीत उभी होती, आणि मामांनी बेंजो सरळ धरला होता.