सर्किट सिम्युलेशन सॉफ्टवेअर : मालकीचे आणि मुक्तस्रोत

इलेक्ट्रॉनिक सर्किट प्रत्यक्ष जोडण्याआधी ते कसे वागेल हे संगणकावर गणिताने काढून दाखवणारे सॉफ्टवेअर. रोध, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर यांची जोडणी सांगितली की प्रत्येक नोडवरचे व्होल्टेज आणि प्रत्येक शाखेतला प्रवाह त्यातून मिळतो. पीस्पाइस, एचस्पाइस, स्पेक्टर ही परवाना विकत घेऊन वापरायची, मालकीची सॉफ्टवेअरे. एनजीस्पाइस, झाइस, क्युक्स ही मुक्तस्रोत. यांतले कोणते घ्यावे ही चर्चा बहुधा किमतीपाशी सुरू होते आणि तिथेच अडकते. खरी निवड मॉडेलांवर ठरते. वापरायच्या घटकाचे गणिती वर्णन कोणी लिहिले आहे आणि ते कोणत्या सॉफ्टवेअरला वाचू दिले जाते, हे आधी पाहावे लागते.

दोन्ही गटांचे मूळ बव्हंशी एकच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत रोनाल्ड रोहरर यांच्या वर्गातून ‘कॅन्सर’ नावाचा प्रोग्रॅम निघाला. ‘किरणोत्सर्ग वगळून अरेषीय सर्किटांचे संगणकीय विश्लेषण’ असा त्या नावाचा विस्तार होता. त्या काळातल्या अशा बऱ्याच प्रोग्रॅमांना अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा पैसा मिळे, आणि अणुस्फोटाच्या किरणोत्सर्गात सर्किट तग धरेल का, याचा हिशेब त्यांत असे. बर्कलीच्या मंडळींनी तो हिशेब नावातूनच वगळला. याच कामातून लॉरेन्स नेगल यांनी डोनाल्ड पीडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली स्पाइस तयार केले. ते १९७३ मध्ये जगापुढे आले. पीडरसन यांचा आग्रह होता, की प्रोग्रॅमवर कोणाची मालकी नको. स्पाइस-२ (१९७५) फोरट्रानमध्ये होते, स्पाइस-३ (१९८९) सी भाषेत.

स्पाइसच्या वापराच्या अटी इतक्या सैल होत्या, की कंपन्यांना हा कोड घेऊन, सुधारून, बंद करून विकायला काहीच आडकाठी नव्हती. मायक्रोसिम कंपनीने १९८४ मध्ये पीस्पाइस आयबीएम पीसीवर आणले; पुढे ते ओरकॅडमार्गे केडन्सकडे गेले. एचस्पाइस आज सिनॉप्सिसकडे आहे. म्हणजे मालकीचा मोठा डोलारा खुल्या पायावरच उभा आहे. अमेरिकेच्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने झाइस २०१३ मध्ये खुले केले ते मात्र जीपीएल परवान्याखाली. त्यात बदल करून वाटप करणाऱ्याला आपला कोडही खुला ठेवावा लागतो.

समान वंशाची खूण खोडींतही दिसते. स्पाइस घराण्यातली बहुतेक सॉफ्टवेअरे इंग्रजीच्या लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाहीत. त्यामुळे दहा मेगाओहमच्या रोधापुढे ‘१०एम’ लिहिले, तर ते दहा मिलिओहम धरले जातात. मेगासाठी ‘मेग’ लिहावे लागते. कपॅसिटरपुढे ‘१एफ’ लिहिणाऱ्याला एक फॅरड हवा असतो, मिळतो एक फेम्टोफॅरड. ऑसिलेटर कागदावर बिनचूक असूनही पडद्यावर सपाट रेघ येते, कारण प्रत्यक्षात त्याला सुरू करणारा गोंगाट या गणितात नसतो. सुरुवातीचे व्होल्टेज हाताने द्यावे लागते. ‘टाइमस्टेप टू स्मॉल’ हा संदेशही दोन्हीकडे सारखाच छळतो. महागडी सॉफ्टवेअरे उत्तरापर्यंत पोचण्यात अनेकदा सरस असतात, पण चुकीच्या मॉडेलवरून बरोबर उत्तर कोणीच काढत नाही.

मॉडेल फाइल ही साधी मजकुराची फाइल असते. एखाद्या पॉवर सप्लाय चिपची फाइल उत्पादकाकडून उतरवून नोटपॅडमध्ये उघडली, तर दोन गोष्टी दिसू शकतात. एक तर उपसर्किटाच्या वाचता येणाऱ्या ओळी, ज्यांत रोध, डायोड, नियंत्रित स्रोत एकेक करून लिहिलेले असतात; नाहीतर शीर्षकाखाली निरर्थक अक्षरांची पानेच्या पाने. दुसरी फाइल सांकेतिक केलेली असते. पीस्पाइससाठी बंद केलेली फाइल पीस्पाइसच उघडते, एलटीस्पाइस या दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठीची एलटीस्पाइसच. एनजीस्पाइसपुढे अशी फाइल व्यर्थ. उघड्या फाइलींसाठी एनजीस्पाइसमध्ये पीस्पाइस आणि एलटीस्पाइसच्या बोलीभाषा समजून घेणारी सुसंगती-सोय आहे आणि ती बऱ्यापैकी चालते. म्हणून प्रकल्प सुरू करताना आधी यादीतल्या मुख्य चिपांची मॉडेले उतरवून पाहावीत. सॉफ्टवेअरचा निर्णय अर्धा तिथेच होतो.

फुकट आणि मुक्त यांत गल्लत नेहमीची. एलटीस्पाइस पैसे न देता मिळते, पण त्याचा स्रोत बंद आहे. माइक एंगलहार्ट यांनी लिनियर टेक्नॉलॉजी या चिप उत्पादक कंपनीत ते घडवले, मुख्यतः कंपनीच्या स्विचिंग रेग्युलेटरांची सर्किटे झपाट्याने तपासता यावीत म्हणून; २०१७ पासून ही कंपनी अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडे आहे. या कामासाठी ते उत्तम आहे आणि छंदवाल्यांपासून व्यावसायिकांपर्यंत सगळे वापरतात. मात्र ते कोणत्या दिशेने वाढेल, हे कंपनीच ठरवते. पीस्पाइसच्या फुकट मिळणाऱ्या ९.१ या विद्यार्थी आवृत्तीला ६४ नोड आणि १० ट्रान्झिस्टरांची मर्यादा होती. शिकण्याला ती पुरे, कामाला अपुरी.

एनजीस्पाइसची खरी उणीव पडद्यावर आहे. ते मुळात आज्ञा लिहून चालवायचे इंजिन. चित्र काढायला दुसरे काही जोडावे लागते. कायकॅड या पीसीबी आरेखनाच्या मुक्त सॉफ्टवेअरने पाचव्या आवृत्तीत (२०१८) ते आत बसवल्यापासून ही अडचण बरीच कमी झाली. तरी रात्री अकराला सर्किट अडले तर फोन उचलणारा कोणी नसतो. मोठ्या कंपन्या परवान्यासाठी मोजतात त्यातला बराच पैसा या फोनसाठीच असतो.

चिप आरेखनात पारडे आजही मालकीच्या बाजूला झुकते. फाउंड्री, म्हणजे चिप बनवून देणारा कारखाना, आपल्या ट्रान्झिस्टरांची मॉडेले गोपनीयतेच्या करारावर आणि ठरावीक सिम्युलेटरांवर तपासून देते, आणि महागडा मास्क बनवण्याआधी सही त्याच उत्तरांवर होते. २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटर प्रक्रियेची माहिती खुली केल्यावर एनजीस्पाइसवर खरी चिप तपासणे शक्य झाले. पण प्रगत प्रक्रियांसाठी ही वाट अजून नाही. भारतात बंगळूरच्या सी-डॅकमधील चिपइन केंद्रामार्फत कॉलेजांना मालकीची साधने मिळतात. शैक्षणिक परवान्यावर केलेले काम व्यवसायात वापरता येत नाही, हे मात्र नवउद्योग काढणाऱ्या विद्यार्थ्याने आधीच वाचून ठेवावे.

पवईच्या आयआयटी मुंबईतील फॉसी प्रकल्पाने अशा परवान्यांना मुक्त पर्याय म्हणून ई-सिम तयार केले. आधी ते ऑस्कॅड नावाने ओळखले जाई. नवे इंजिन लिहिण्याच्या भरीस न पडता त्यांनी कायकॅड, एनजीस्पाइस आणि डिजिटल भागासाठी जीएचडीएल एकत्र गुंफले, स्कायवॉटरची मॉडेलेही जोडली. आयआयटीच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातून भारतीय भाषांत धडे मिळतात. परवान्याची मुदत संपण्याची भीती नसल्याने विद्यार्थी ते घरच्या संगणकावरही ठेवू शकतो.

दोन्ही ठेवणारेही पुष्कळ असतात: रोजचे काम मुक्त साधनावर, शेवटची तपासणी परवान्याच्या यंत्रावर. अशा वेळी सर्किटाचे चित्र एकीकडून दुसरीकडे नेताना हमखास काहीतरी सुटते, जरी कायकॅडची आठवी आवृत्ती एलटीस्पाइसची चित्रे उघडू लागली आहे. नेटलिस्ट, म्हणजे घटकांच्या जोडण्यांची यादी, मात्र साधा मजकूर असल्याने थोड्या डागडुजीने सगळीकडे चालते. ती आणि वाचता येणाऱ्या मॉडेल फाइली प्रकल्पासोबत जपून ठेवल्या, तर सॉफ्टवेअर पुढेही बदलता येते.