चीवर घातलेला पाद्री



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की तीत लेण्यांवर, धम्मयात्रेवर, बाबासाहेबांच्या आठवणींवर लेख असतात आणि ते असायलाच पाहिजेत. या खेपेला मात्र आम्ही जरा आडवाटेने जाणार आहोत. ब्राह्मणपुरी नावाच्या गावात बुद्धविहार उभा राहतो, तर त्या विहाराच्या स्मरणिकेत एका ख्रिस्ती पाद्रीवर लेख का नसावा? शिवाय हा पाद्री साधासुधा नव्हे. त्याने बारा वर्षे भिक्खूचा वेष अंगावर वागवला, डोके आणि दाढी साफ ठेवली. पुढे त्याच माणसाने तो वेष उतरवून ठेवला आणि तथागतांच्या धम्माविरुद्ध ग्रंथ लिहिला. त्याचे नाव मात्तेओ रिची. चीनमध्ये त्याला ली मातोउ म्हणत. आणि त्याच्या चीनच्या वाटेवरचा मोठा मुक्काम कुठला, तर आपला गोवा!

रिचीचा जन्म इटलीतल्या मचेराता गावी ६ ऑक्टोबर १५५२ रोजी झाला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला फ्रान्सिस झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. झेवियरचे शव जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये आहे, सहलीला गेलेल्या पुष्कळांनी ते चर्च पाहिले असेल. झेवियरला चीनच्या मुख्य भूमीवर पाऊल टाकता आले नाही. ते काम पुढे या रिचीने केले. तो रोमला कायदा शिकायला गेला होता, पण १५७१ साली जेझुइट पाद्रींच्या संघात दाखल झाला. तिथे क्लाव्हियस या नामांकित गणितज्ञाच्या हाताखाली तो गणित आणि खगोल शिकला. हे गणित त्याला पुढे फार उपयोगी पडले. २४ मार्च १५७८ ला लिस्बनहून निघालेले त्याचे जहाज १३ सप्टेंबरला गोव्याला लागले. म्हणजे जवळजवळ सहा महिने पाण्यावर.

तेव्हाचा गोवा कसा होता? पोर्तुगिजांनी तो १५१० साली घेतला होता. १५५६ साली तिथे छापखाना आला, हिंदुस्थानातला पहिला. आणि १५६० साली धर्मन्यायालयही आले, ज्याच्या नावाने पुढे अडीचशे वर्षे लोक थरथर कापत. एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात बेडी, असा तो कारभार. तिथल्या सेंट पॉल कॉलेजात रिची लॅटिन आणि ग्रीक शिकवू लागला. मध्येच आजारी पडला, कोचीनला गेला, तिथे १५८० साली त्याला पाद्रीपद मिळाले आणि तो परत गोव्याला आला.

याच मुक्कामातली एक गोष्ट सांगायची म्हणून आम्ही हा लेख लिहायला घेतला. कॉलेजात इथली, म्हणजे हिंदी मुलेही शिकत होती. वरिष्ठांनी ठरवले की या मुलांना तत्त्वज्ञान आणि ईश्वरशास्त्र हे वरचे विषय शिकवायचे नाहीत. कारण काय, तर शिकली की ती डोक्यावर बसतील आणि खेड्यापाड्यातली हलकी कामे करणार नाहीत! आता सांगा, हे बोलणे आपल्या ओळखीचे आहे की नाही? आपल्या आजोबा-पणजोबांनी हेच ऐकले, फक्त बोलणाऱ्याचा पोशाख वेगळा होता. रिची तेव्हा एकोणतीस वर्षांचा, संघातला नवखा माणूस. त्याने २५ नोव्हेंबर १५८१ रोजी थेट रोमला, संघप्रमुखांना पत्र लिहिले. त्याचे म्हणणे असे की, विद्येने गर्व होत असेल तर तो युरोपातल्या मुलांनाही होतो, मग त्यांना का शिकवता? ही मुले कितीही शिकली तरी गोरे लोक त्यांना मान देत नाहीत, आणि वर त्यांची विद्याही काढून घेतली तर धर्माच्या कामात अडाणी माणसेच भरतील. आम्हाला या पत्राचे मोल फार वाटते. जोतीराव फुले १८४१ साली पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले, बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले, हे सारे आपण जाणतोच. शाळेचे दार कुणासाठी उघडे, हा प्रश्न त्या मानाने किती जुना आहे बघा.

त्याच गोव्यात रिचीमागून वर्षभराने, २४ ऑक्टोबर १५७९ ला, टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट उतरला. तो मात्र इथेच राहिला. साष्टीच्या खेड्यांत फिरला, इथली भाषा शिकला आणि मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली राशोल येथे रोमन अक्षरांत छापले गेले. देवनागरी खिळे मिळावेत म्हणून त्याने खटपट केली, पण ते जमले नाही. कोकणीचे व्याकरणही त्याने लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले. एका जहाजमार्गाने आलेले हे दोघे. एकाने मराठी गाठली, दुसऱ्याने चिनी.

रिची १५८२ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाला आणि ऑगस्टमध्ये मकावला पोचला. पुढच्या वर्षी तो आणि रुज्जिएरी नावाचा त्याचा सोबती चाओछिंग शहरात राहायला गेले. तेव्हा चीनवर मिंग घराण्याचे राज्य होते आणि परक्याला आत राहू देत नसत. मग आत शिरायचे कसे? पश्चिमेकडून येणारा धर्माचा माणूस म्हणजे भिक्खू, एवढेच चिनी लोकांना ठाऊक. शेकडो वर्षे आपल्याकडचे भिक्खू तिकडे जात होते. तिकडचा ह्युएनत्संग आपल्या महाराष्ट्रापर्यंत येऊन गेला आणि ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन घरी पोचला. ती पुण्याई या पाद्रींच्या कामी आली. त्यांनी मुंडण केले, भिक्खूंसारखी वस्त्रे घातली. १५८४ साली रुज्जिएरीने चिनी भाषेत ख्रिस्ती धर्माचे पुस्तक छापले त्यात तर आपण हिंदुस्थानातले भिक्खू असल्याचेच म्हटले. म्हणजे तथागतांच्या देशाचे नाव सांगून दार उघडून घेतले!

१५८९ साली त्यांना चाओछिंग सोडावे लागले. शाओचौ भागात नानह्वा नावाचा मोठा विहार आहे, तिथे राहा असे अधिकाऱ्यांनी सुचवले. रिचीने ते नाकारले. आता नानह्वा कुणाचा? ध्यानपंथाचे सहावे आचार्य हुइनेंग यांचा. परंपरा सांगते की हुइनेंग दक्षिणेकडचा गरीब लाकूडतोड्या, अक्षरओळख नाही. तो विहारात आला तेव्हा गुरू म्हणाले, तू दक्षिणेचा रानटी, तू कसा बुद्ध होणार? त्याने उत्तर दिले की माणसे उत्तरेची-दक्षिणेची असतील, बुद्धत्वाला दिशा नसते. त्याला भात कांडायच्या कामाला लावले होते, तोच पुढे आचार्य झाला. गोव्यातल्या मुलांसाठी पत्र लिहिणारा रिची या माणसाच्या दारापर्यंत गेला आणि मागे फिरला. त्याला तिथे मूर्तिपूजेपलीकडे काही दिसले नाही.

पुढे छ्यू रुक्वेइ नावाच्या एका चिनी विद्वान मित्राने त्याला सांगितले की सरकारदरबारी भिक्खूंना किंमत नाही, मान आहे तो परीक्षा दिलेल्या पंडितांना. रिचीला ते पटले. वरिष्ठांची परवानगी घेऊन त्याने दाढी-केस वाढवले आणि १५९५ साली भिक्खूचा वेष टाकून रेशमी झगा चढवला. इतिहासकार याला त्याची मोठी हुशारी म्हणतात, आणि ती होतीही. पण आमच्या मनात एक खुपते. गोव्यात ज्यांना मान नाही त्यांच्या बाजूने तो बोलला. चीनमध्ये ज्यांना मान नाही त्यांचा वेषसुद्धा त्याला नको झाला.

त्याच्या विद्वत्तेबद्दल मात्र वादच नाही. त्याने चिनी भाषा इतकी आत्मसात केली की मोठमोठे पंडित त्याचे लेखन वाचत. रुज्जिएरीबरोबर त्याने पोर्तुगीज-चिनी शब्दकोश तयार केला, मैत्रीवर चिनीत छोटे पुस्तक लिहिले, स्मरणशक्तीच्या कलेवरही लिहिले. १५८४ साली जगाचा नकाशा काढला आणि १६०२ मध्ये बीजिंगला तो सुधारून मोठा छापला. त्यात चीन मधोमधच्या बाजूला घेतला, कारण आपला देश कोपऱ्यात पाहून कोण खूश होणार! शू क्वांगछी या अधिकाऱ्याबरोबर बसून त्याने युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनीत आणले, ते १६०७ साली निघाले. बीजिंगला तो २४ जानेवारी १६०१ ला पोचला, तो घड्याळांची भेट घेऊन. घड्याळे राजवाड्यात गेली, त्यांना चावी द्यायला पाद्रींना बोलावणे आले, पण वानली सम्राटाचे समोरासमोर दर्शन त्याला कधीच झाले नाही.

आता धम्माकडे येऊ. १५९९ साली नानजिंगमध्ये सानह्वाय या नामांकित भिक्खूशी त्याचा वाद झाला. विश्व हे चित्ताने घडते असा भिक्खूचा मुद्दा. तेव्हा रिची म्हणाला की मग इथे ठेवलीय तशी एक शेगडी घडवून दाखवा. ऐकणारे हसले असतील. पण हा सारा वृत्तांत रिचीच्याच लेखणीतून आलेला आहे हे विसरू नये. वादाची टिपणे एकाच पक्षाने ठेवली की जिंकतो कोण हे सांगायला नको.

१६०३ साली निघालेल्या ‘तिएनचू शियी’ या ग्रंथात त्याने पुनर्जन्म आणि प्राणिहत्या न करण्याचा नियम या दोन्हींवर हल्ला चढवला. पुनर्जन्माची कल्पना ग्रीसच्या पायथागोरसची, ती शाक्यमुनींनी उचलली, असे त्याने लिहिले. याला काही आधार नाही. आणि ज्या आत्म्याच्या फेऱ्याला तो हसला, तो आत्मा तथागतांनी मानलाच नव्हता. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ज्यांनी विहारात बसून वाचला, त्यांना हे समजावून सांगायला नको. त्याहून वाईट वाटते ते त्याने हिंदुस्थानबद्दल लिहिले त्याचे. हा क्षुल्लक मुलूख, इथे ना विद्या ना सदाचार, असा त्याचा सूर आहे. ज्या मुलांच्या विद्येसाठी भांडला त्यांचाच हा देश! त्याच गोव्यात साखवाळ गावी १८७६ साली धर्मानंद कोसंबी जन्मले आणि त्यांनी पाली ग्रंथांतला बुद्ध मराठी माणसाच्या हाती दिला.

त्या ग्रंथाला उत्तर मिळाले नाही असे नाही. हांगचौजवळच्या विहारातले चुहुंग हे वृद्ध भिक्खू प्राण्यांना जीवदान देण्याचा उपदेश करीत. त्यांनी १६१५ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्याच वर्षी त्यांचे निधनही झाले, ख्रिस्ती मताचे खंडन करणारे छोटे निबंध लिहिले. रिची ते वाचायला नव्हता. तो ११ मे १६१० रोजी बीजिंगमध्ये वारला होता.

परक्या माणसाला राजधानीत पुरायला जागा नव्हती. त्याच्या सोबत्यांनी सम्राटाकडे अर्ज केला आणि तो मंजूर झाला. जी जागा मिळाली ती एका शिक्षा झालेल्या खोजाची होती, आणि त्याने तिथे बुद्धाचे देऊळ केले होते. १६११ साली त्या देवळाच्या आवारात रिचीचे दफन झाले.