हरणाच्या शिकारीसाठी ‘स्लग गन’ : कमी पैशांत बंदूक घ्यायची, तर पैसे नेमके कशावर घालायचे?

थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपली की पुढच्या सोमवारपासून अमेरिकेतल्या ओहायो राज्यात बंदुकीने हरणं मारायचा हंगाम सुरू होतो. मका काढून झालेला असतो. मोकळ्या शेतांच्या कडेला, झाडांच्या पट्ट्यांमध्ये भडक नारिंगी जॅकेट घातलेली माणसं पहाटेपासून दबा धरून बसलेली दिसतात. पण यातल्या बऱ्याच जणांच्या हातात सिनेमात दिसते तशी लांब पल्ल्याची रायफल नसते. असते ती शॉटगन, म्हणजे आपल्याकडे जिला ‘बारा बोअरची बंदूक’ म्हणतात ती.

हरणासारख्या मोठ्या जनावरासाठी शॉटगन का? आणि घ्यायचीच असेल, तर स्वस्तातली चालते का?

आधी कारण समजून घेऊ

ओहायो, इलिनॉय, इंडियाना, आयोवा हा सगळा अमेरिकेचा मक्याचा पट्टा. जमीन सपाट, मध्ये डोंगर नाही आणि दर थोड्या अंतरावर कुणाचं तरी घर, गोठा किंवा रस्ता. रायफलची गोळी वर रोखून सुटली, तर तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. म्हणून या राज्यांनी हरणाच्या शिकारीत नेहमीच्या रायफलींवर बंदी घातली आणि शॉटगनमधून एकच जड गोळी मारायला परवानगी दिली. या गोळीला ‘स्लग’ म्हणतात.

पुढे हे नियम सैल होत गेले. ओहायोने २०१४ मध्ये सरळ आकाराच्या काडतुसांच्या, कमी पल्ल्याच्या रायफलींना परवानगी दिली. इलिनॉयने २०२३ पासून ठरावीक काडतुसांच्या एकबारी रायफली चालतील असं ठरवलं. तरीही स्लग गन संपलेली नाही. एक तर ती घरात आधीपासून असते, दुसरं म्हणजे ती स्वस्त असते.

स्लग म्हणजे काय?

शॉटगनच्या साध्या काडतुसात बारीक छर्रे असतात. ते पक्ष्यांसाठी. हरणावर ते मारले, तर जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी जाऊन तडफडत मरतं. स्लगच्या काडतुसात छर्ऱ्यांऐवजी एकच गोळी असते. बारा बोअरच्या नेहमीच्या स्लगचं वजन साधारण २८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ अडीच तोळे.

‘बारा’ हा आकडा कुठून आला? एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या १२ गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. २० गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होते. त्यामुळे २० बोअरची नळी १२ बोअरपेक्षा अरुंद असते. आकडा मोठा, बंदूक लहान.

खरा प्रश्न नळीचा

नवीन माणूस इथेच फसतो. तो बंदुकीच्या कंपनीवर तासन् तास चर्चा करतो आणि नळी व काडतूस यांची जोडी जमते का, हे बघतच नाही.

शॉटगनची नळी दोन प्रकारची असते. पहिली आतून गुळगुळीत. दुसरीत आतल्या बाजूने पिळाच्या खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात आणि फिरणारी गोळी सरळ जाते. काडतुसंही दोन प्रकारची.

फॉस्टर स्लग : अमेरिकेत कार्ल फॉस्टर याने १९३१ च्या सुमारास, मंदीच्या काळात बनवलेला हा प्रकार. याचं नाक जड आणि मागची बाजू पोकळ असते. त्यामुळे बॅडमिंटनच्या फुलासारखं जड टोक पुढे राहतं आणि गोळी उलटीपालटी होत नाही. हा गुळगुळीत नळीसाठी. जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके याने १८९८ मध्ये आणलेला ब्रेनेके स्लगही मुळात अशाच नळीसाठी होता.

सॅबो स्लग : यात गोळी लहान असते आणि तिच्याभोवती प्लास्टिकचं वेष्टन असतं. खाचा या वेष्टनाला धरून फिरवतात, नळीबाहेर पडल्यावर वेष्टन गळून जातं. हा फक्त खाचांच्या नळीसाठी. गुळगुळीत नळीतून सॅबो मारला तर फिरकी मिळत नाही आणि महागडी गोळी भरकटते.

पल्ल्याचा हिशोबही यावरच ठरतो. गुळगुळीत नळी, फॉस्टर स्लग आणि फक्त पुढची माशी बघून धरलेला नेम, एवढ्यावर ५० ते ७५ यार्ड, म्हणजे साधारण ४५ ते ७० मीटर, ही भरवशाची मर्यादा. खाचांची नळी, सॅबो आणि दुर्बीण असेल तर १५० यार्डांपर्यंत, म्हणजे १३५ मीटरच्या आसपास जाता येतं.

मग घ्यायची कोणती?

खालच्या किमती ढोबळ आहेत. दुकानागणिक आणि हंगामाप्रमाणे त्या बदलतात.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे मॅव्हरिक ८८. मॉसबर्ग कंपनीचीच ही कमी किमतीची पंप बंदूक. पंप म्हणजे पुढची मूठ मागे-पुढे ओढून नवं काडतूस भरायचं. नवी बंदूक साधारण २०० ते ३०० डॉलरमध्ये मिळते. सोबत फॉस्टर स्लग घेतले की झाडीत, जवळच्या अंतरावर शिकार करणाऱ्याचं काम भागतं.

मधला मार्ग दोन नळ्यांच्या जोडीचा. मॉसबर्ग ५०० ही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालत आलेली पंप बंदूक. ती पक्ष्यांसाठी गुळगुळीत आणि हरणांसाठी खाचांची, अशा दोन नळ्यांसह मिळते. किंमत साधारण ५०० डॉलरच्या घरात. नळी बदलायला काही मिनिटं लागतात. वर्षभरात दोन्ही प्रकारची शिकार करणाऱ्याला दोन बंदुका घेण्यापेक्षा हे परवडतं. १९५० पासूनची रेमिंग्टन ८७० ही तिची जुनी प्रतिस्पर्धी. लाखोंनी खपल्यामुळे ती जुन्या बाजारात सहज सापडते आणि तिच्यासाठी खाचांची नळी वेगळीही मिळते.

तिसरा मार्ग फक्त हरणांसाठी बनलेल्या बंदुकीचा. सॅव्हेज २२० ही २० बोअरची बोल्ट बंदूक नेमासाठी नावाजलेली आहे, पण किंमत ६०० डॉलरच्या पुढे जाते. एवढे पैसे नसतील, तर एच अँड आर कंपनीची ‘अल्ट्रा स्लग हंटर’ ही एकबारी बंदूक जुन्या बाजारात शोधली जाते. तिची नळी जाड आणि खाचांची. उत्पादन २०१५ मध्ये थांबलं, त्यामुळे ती आता वापरलेलीच मिळते.

वापरलेली बंदूक घेताना नळीत उजेड टाकून गंज आणि खड्डे बघावेत. नळी बाहेरून दबलेली नको. नळी आणि दस्ता हलवून सैलपणा तपासावा. दुर्बीण बसवायची सोय आहे का, हेही आधीच विचारावं. काही खाचांच्या नळ्यांवरच दुर्बिणीची पट्टी जोडलेली असते. अशी पट्टी चांगली, कारण नळी काढून परत लावली तरी नळी आणि दुर्बीण एकत्रच राहतात.

१२ की २०?

हलक्या पंप बंदुकीतून बारा बोअरचा स्लग सुटतो, तेव्हा खांद्याला जबरदस्त हिसका बसतो. दोन-चार बारांनंतर माणूस चाप ओढण्याआधीच अंग आक्रसून घेतो आणि नेम जातो. पांढऱ्या शेपटीचं हरीण मारायला २० बोअर पुरेशी आहे. बारीक चणीच्या माणसाने किंवा नवशिक्याने ती घेण्यात काहीच कमीपणा नाही. दस्त्याला चांगलं रबरी पॅड लावण्याचा खर्चही वसूल होतो.

काडतुसांचा खर्च विसरू नका

पाच फॉस्टर स्लगचं पाकीट सात-आठ डॉलरला मिळत असेल, तर पाच सॅबो १५ ते २० डॉलरला जातात. नेम बसवायला आणि सराव करायला २० काडतुसं लागली, तर फॉस्टरचे ३० डॉलर होतात आणि सॅबोचे ६० ते ८०. शिवाय एकाच आकाराची दोन कंपन्यांची काडतुसं एकाच बंदुकीतून वेगवेगळ्या ठिकाणी लागतात. म्हणून दोन-तीन प्रकार मारून बघायचे, जो एका जागी लागेल तो धरायचा आणि हंगामभर तोच वापरायचा.

मर्यादा ओळखायची सोपी पद्धत आहे. हरणाच्या काळीज-फुप्फुसाचा भाग साधारण कागदी ताटलीएवढा असतो. ५० यार्डांवर आठ इंचांची ताटली लावा आणि शिकारीत बसाल तसं बसून पाच बार काढा. पाचही आत लागले तर अंतर वाढवा. ज्या अंतरावर एकही बाहेर गेला, त्याच्या अलीकडे तुमची हद्द. बंदूक कितीही महाग असली तरी तिच्यापलीकडे बार काढायचा नाही. नाहीतर जखमी हरीण रात्रभर शोधत फिरावं लागतं.

‘स्लग सुरक्षित’ हा अर्धाच खरा समज

स्लग रायफलच्या गोळीइतका लांब जात नाही, हे खरं. पण पेन्सिल्व्हेनियाच्या विधिमंडळासाठी २००७ मध्ये झालेल्या एका अभ्यासात वेगळीच गोष्ट समोर आली. बंदूक वर रोखलेली असेल तर रायफल जास्त धोक्याची. पण बंदूक जमिनीला समांतर धरली, तर जड स्लग जमिनीवर आपटून उसळतो आणि पुढे जात राहतो. अशा वेळी तो रायफलपेक्षा कमी धोक्याचा ठरत नाही. आणि सपाट शेतात माणूस बंदूक जवळजवळ समांतरच धरतो.

म्हणून हरणाच्या मागे काय आहे, हे बघितल्याशिवाय चापावर बोट जाता कामा नये. मागे मातीचा चढ असेल तर ठीक. मागे रस्ता, घर किंवा नुसतं आभाळ असेल तर हरीण जाऊ द्यायचं. उंच मचाणावर बसण्याचा एक फायदा हाच, गोळी खाली जमिनीत जाते.

कायद्याचं काय?

परवानाधारक दुकानातून बंदूक घेताना अमेरिकेत पार्श्वभूमी तपासली जाते. शिकारीचा परवाना आणि हरणाची परवानगी वेगळी काढावी लागते. बहुतेक राज्यांत नवशिक्याला शिकार प्रशिक्षण सक्तीचं असतं. इलिनॉयच्या रहिवाशाला बंदूक बाळगायला राज्याचं ओळखपत्र लागतं. बंदुका आणि काडतुसांवर १९३७ च्या कायद्याने ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा वन्यजीव संवर्धनाला जातो.

अमेरिकेत नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या मराठी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक बाळगायला एरवी मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. पण चूक झाली तर तो गंभीर गुन्हा ठरतो, म्हणून आधी वकिलाला विचारावं. भारतात मात्र प्रश्नच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ, सांबर, भेकर यांची शिकार गुन्हा आहे.

थोडक्यात

झाडीत जवळून शिकार करायची असेल तर गुळगुळीत नळीची साधी पंप बंदूक आणि फॉस्टर स्लग. मोकळ्या शेताच्या कडेला बसायचं असेल तर खाचांची नळी, सॅबो आणि दुर्बीण. खांदा हलका असेल तर २० बोअर. बंदुकीवर वाचलेले शंभर डॉलर सरावाच्या काडतुसांवर घातले, तर हंगामाच्या पहिल्या सकाळी त्यांचा जास्त उपयोग होतो.