सोन्याचा हंडा आणि अस्वलाचं कातडं

नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या उंच, उघड्या माळावर दगडांच्या बुटक्या राशी जागोजागी दिसतात. कांस्ययुगातल्या लोकांनी आपले मृत जिथे ठेवले, त्या या जागा. कित्येक राशींच्या मधोमध खड्डा आहे. तो नंतरच्या लोकांनी केलेला. प्रिन्सटाउनजवळच्या एका थडग्याचं रूढ नावच ‘सोन्याचा हंडा’ या अर्थाचं आहे. लोक काय शोधत होते, ते त्या नावातच आलं. काही राशींचे दगड पुढे कुंपणांना आणि रस्त्यांना गेले. एकोणिसाव्या शतकात अभ्यासक उत्खननाला आले, तेव्हा त्यांच्या हाती बहुतेक ठिकाणी थोडी राख, खापरं, गारेची पाती एवढंच लागलं. ग्रॅनाइटवरची आम्लधर्मी माती न जाळलेली हाडंसुद्धा टिकू देत नाही. त्यामुळे हे लोक गरीब आणि त्यांचे अंत्यविधी रुक्ष असावेत, असं वाटणं सोपं होतं.

व्हाइटहॉर्स हिल या सुमारे ६०० मीटर उंचीच्या टेकडीने हा समज मोडला. तिथे पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या थराच्या, उंचवट्यात एक दगडी पेटी होती. पीट झिजू लागलं, तशी पेटीची बाजू उघडी पडली. ती ढासळण्याआधी २०११ साली उत्खनन झालं.

आत सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीचं एक गाठोडं होतं. तरुण वयात गेलेल्या कुणाची तरी जाळलेली हाडं अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेली होती. सोबत झाडाच्या अंतर्सालीची, गुरांच्या केसांनी शिवलेली लहान टोपली, दोनशेच्या वर मणी, कथिलाच्या टिकल्या जडवलेला केसांचा गोफ, आणि चिडवणीच्या धाग्याचं, वासराच्या चामड्याची किनार लावलेलं वस्त्र. सोनं नव्हतं. मण्यांतलं अंबर मात्र बहुधा बाल्टिक किनाऱ्याकडून आलेलं.

पाण्याने भरलेल्या आम्लधर्मी पीटमध्ये हवा जवळजवळ पोचत नाही, म्हणून कुजवणारे जिवाणू थंडावतात. एवढ्या कारणाने हे सगळं टिकलं. इतर राशींमध्येही अशा टोपल्या, अशी कातडी असू शकतील. मातीने ती संपवली, आणि रिकामेपण आपण मृतांच्या माथी मारलं.

डार्टमूरचं पीट शतकानुशतकं कापलं गेलं, चर खणून त्याचं पाणी काढलं गेलं. कोरड्या पडलेल्या पीटमध्ये हवा शिरते आणि कुजणं पुन्हा सुरू होतं. तिथे अजून एखादी टोपली असेल, तर तिला आता हंडा शोधणाऱ्यांपेक्षा या कोरडेपणाची भीती अधिक आहे.