दुर्बिणीतून हरीण टिपणे
जंगलातील हरणे दुर्बिणीने लांबूनच हेरण्याचे कौशल्य. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या दऱ्याखोऱ्यांत शिकारी तिपाईवर दुर्बीण बसवून समोरचा उतार तासन्‌तास न्याहाळतात. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार (1972) हरणांच्या शिकारीवर बंदी आहे. आता इथे हे कौशल्य निरीक्षकांच्या आणि वनरक्षकांच्या कामी येते, ही समाधानाची गोष्ट!

गोंदिया शहरालगतच्या फुलचूरकरांना हरणे हेरण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. नागझिरा अभयारण्य (1970) आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान (1975) याच मुलखात आहेत. 2013 मध्ये तिथे व्याघ्र प्रकल्प झाला. चितळ, सांबर आणि भेकर ही इथली हरणे. चौशिंगा मात्र कुरंग वर्गातला. त्याची शिंगे गळत नाहीत.

नवखा माणूस अख्खे जनावर शोधतो आणि तिथेच फसतो. सागाच्या उभ्या खोडांमध्ये पाठीची आडवी रेघ, कानाची फडफड किंवा शेपटीखालचा पांढरा ठिपका शोधायचा असतो. आधी नुसत्या डोळ्यांनी परिसर पाहावा, मग दुर्बीण पट्ट्यापट्ट्याने, थांबत थांबत फिरवावी.

8×42 दुर्बीण इथे सोयीची: आठपट मोठे दिसते, 42 मिमी भिंगामुळे झुंजूमुंजूच्या अपुऱ्या उजेडातही चित्र स्पष्ट राहते. जास्त पटीची दुर्बीण हातात थरथरते. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या हवेच्या लाटांमुळे प्रतिमा हलते. पहाटे आणि सायंकाळी पाणवठ्याकाठची चितळे स्वच्छ दिसतात.