कर्टिस येथील कृषितंत्र महाविद्यालय

नेब्रास्का कॉलेज ऑफ टेक्निकल ॲग्रिकल्चर : अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या फ्रॉन्टियर परगण्यात कर्टिस या हजाराहून कमी वस्तीच्या गावी असलेली, नेब्रास्का विद्यापीठाची द्विवर्षीय शिक्षणसंस्था. १९११ साली विधिमंडळाने मंजूर केलेली व १९१३ मध्ये माध्यमिक कृषिशाळा म्हणून उघडलेली ही संस्था १९६५ पासून उच्च तंत्रशिक्षणाकडे वळली.

विद्वान घडविण्यापेक्षा शेत व गोठा सांभाळणारी माणसे तयार करावीत, हा तिचा प्रधान हेतू. म्हणून पशुवैद्यकीय तंत्र, पीकव्यवस्था व पशुपालन यांचे पाठ वर्गाइतकेच कुरणात होतात, आणि गुरे वळणारे कुत्रे शिकविण्याचाही येथे रीतसर अभ्यास असतो, हे विशेष कौतुकास्पद. ज्याच्या वाट्याला वडिलोपार्जित जमीन नाही, अशा तरुणानेही शेतीत उभे राहावे म्हणून शंभर गाईंच्या कळपाची एक योजना आखण्यात आली असून, तीत विद्यार्थी जमाखर्चाचा तपशीलवार आराखडा सिद्ध करून सरकारी कर्जाची मागणी करण्यास पात्र ठरतो. ओस पडत चाललेल्या अशा मुलखात महाविद्यालय हेच गावाचे मोठे आधारस्थान ठरते. तेथील दुकानदारी व सार्वजनिक व्यवहार यांना विद्यार्थ्यांच्या वावराने बळ येते.